सातची निधनवार्ता

बेनिन सिटी
११ फेब्रुवारी २०२४

दादा,

प्रार्थना मंडळाच्या फिलोमिनाबाई या आठवड्यात तुमच्या तुरुंगात येणार असं काल चर्चमध्ये कळलं, म्हणून घाईघाईत लिहितेय. सोबत सार्डिनचे चार डबे, साबण आणि दोन बनियन आहेत. बनियन मीच शिवलेत, ढगळ झाले तर तू वाळलायस असं समजेन.

घरात युद्ध पेटलंय आणि ते मी पेटवलंय. छपरावरची अँटेना उतरवली, डिश काढून भंगारवाल्याला दिली. आता टीव्हीवर इंटरनेटवरून हवं ते, हवं तेव्हा लावायचं. आपल्याकडची लाईट तू विसरला नसशील. मालिका ऐन रंगात यायची, बायको नवऱ्याच्या खिशात हात घालायची, की गेली लाईट. परत यायची तोवर नवरा मेलेला आणि बाईचं दुसरं लग्न लागलेलं. आता जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. गिऱ्हाईक आलं की थांबवते, माप घेते, परत लावते. शाळेचे गणवेश शिवता शिवता दिवसाला चार-चार भाग होतात. दादा, नवरा थांबला नाही, गिऱ्हाईक थांबत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्यासाठी थांबतंय.

पण बाबा! संध्याकाळी सात वाजता सरकारी वाहिनीवर निधनवार्ता लागतात तेव्हा ते टोपी घालून, काठी मांडीवर घेऊन बसायचे, तुला माहीतच आहे. आधी फोटो, मग तो रडका बाजा, मग मागे कोण कोण राहिलं त्यांची नावं. बाबांना मेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यांत जास्त रस. ‘बघ, दुसऱ्या बायकोच्या पोरांची नावं गाळली! उद्या घराण्याच्या दारात आरडाओरडा होणार.’ आणि व्हायचाही. डिश काढली त्या संध्याकाळी मला म्हणाले, ‘आज कोण गेलं ते मला कोण सांगणार?’ मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही बघितल्यानं कुणी परत येत नाही.’ तर म्हणाले, ‘अगं पोरी, ते मेलेल्यांसाठी नसतंच.’ आता रोज सातला समोरच्या बेकरीत जाऊन बसतात आणि तिथल्या पोरांना माझी गाऱ्हाणी सांगतात.

पायांची सूज आहे तशीच आहे. मिठाचं ऐकत नाहीत. तुझी वाट बघतात, तोंडानं बोलत नाहीत एवढंच.

तुझी,
इतो

*

तुरुंग
३ मार्च २०२४

इतो,

चारही डबे पोचले. एक देऊन दाढी करून घेतली, एक देऊन पांघरूण मिळवलं, दोन खाल्ले. बनियन बरोबर बसतात, तेव्हा तुझ्या मापात दोष नाही.

बाबांची बाजू घेतो, रागावू नकोस. आमच्या मोठ्या खोलीतला टीव्ही धुळीच्या वाऱ्यात बिघडला, त्याला तीन महिने होतील. एका चर्चनं नवा द्यायचं कबूल केलंय. देतील तेव्हा खरं. फुटबॉल गेल्याचं कुणाला एवढं वाटत नाही, पण सातच्या निधनवार्ता गेल्या आणि माणसं आंधळी झाल्यासारखी झालीत. पत्राला दोन-दोन आठवडे लागतात. काही जणांना तर पत्रं येतच नाहीत. त्यांना घरचं कळायचं ते तेवढंच. आमच्यातल्या एकाला आपली बहीण गेल्याचं तसंच कळलं होतं. रडला, पण म्हणाला, निदान माझं नाव घेतलं.

आता महत्त्वाचं. बाबांना सांग, बारा ऑगस्ट. चांगल्या वागणुकीची सूट धरून तारीख पक्की झालीय. तोवर कळ काढा म्हणावं. आई गेली तेव्हा मी कसा बिथरलो आणि शिपायाचा जबडा फोडल्यापायी माझी सूट कशी गेली, ते तू पाहिलंयस. ती दीड वर्षानं परत मिळवलीय. बाबांची माती मात्र माझ्या हातची व्हायला हवी. थोरल्यानं विधी केले तरच बापाचं राहतं घर त्याचं होतं, हे तर आहेच. घर गेलं तरी मी झाडाखाली राहीन. पण ज्यानं बापाला पुरलं नाही त्याला आपल्यात थोरला म्हणतं कोण? त्रेचाळीस वर्षांत मी दुसरं काही झालोच नाही इतो. गोदामातली नोकरी गेली, बायको गेली. घराण्याचा थोरला एवढंच माझं उरलंय.

धाकट्या आईचा नोसाखारे येतो का घरी? आणि पायस काका? दोघं एकत्र येत असले तर मला लिही. पायस काका घराण्याचे वडील झाल्यापासून फार गोड बोलतात.

बाबांना मीठ देऊ नकोस. ओरडले तर ओरडू दे.

दादा

*

बेनिन सिटी
२८ एप्रिल २०२४

दादा,

पत्राला उशीर झाला, माफ कर. ईस्टरनंतर शाळांचे गणवेश अंगावर आले आणि मशीनचा पट्टाही तुटला.

इकडे सगळं ठीक. बाबा ठीक आहेत. हल्ली झोप वाढलीय, वयच आहे. परवा काळं सूप आणि कुटलेला यामकंद व्यवस्थित जेवले. तुझी तारीख सांगितली तर मान हलवली.

मी सध्या एक लांबलचक मालिका बघतेय, लागोसच्या श्रीमंतांची. त्यात तीन बहिणी आणि एकच वकील. तू बाहेर आलास की पहिल्या भागापासून बघू, काही कुठे जात नाही, सगळं तसंच असतं तिथे.

पायस काका येऊन जाऊन असतात. नोसापण. भांडण नाही.

फिलोमिनाबाई दारात उभ्या आहेत, म्हणून थोडक्यात लिहिलं. सोबत सार्डिन आणि एक स्वेटर आहे.

इतो

*

तुरुंग
१२ मे २०२४

इतो,

स्वेटर मिळाला. इथे मे महिन्यात स्वेटर घालत नाहीत, पण असो.

तुझं पत्र लहान होतं. मला बाबांचं जास्त लिही. रविवारी ते काय जेवले? कुठला अंगरखा घातला? सकाळी तू आपल्या घराण्याचा नमस्कार करतेस तेव्हा ते उत्तर देतात का, की नुसतीच मान हलवतात? पायाची सूज कितपत आहे? बेकरीत जातात का अजून?

सगळं लिही. मला वेळ आहे.

दादा

*

बेनिन सिटी
२६ मे २०२४

दादा,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं अशी. रविवारी त्यांनी भाजलेली केळी आणि मिरचीचं सूप घेतलं. निळा अंगरखा, छातीशी भरतकाम असलेला. नमस्काराला उत्तर देतात, अगदी मोठ्यानं. सूज कमी आहे. बेकरीत हल्ली जात नाहीत, पायऱ्या चढवत नाहीत ना. मग मीच त्यांना माझ्याबरोबर मालिकेला बसवते. परवा त्या वकिलाला बघून म्हणाले, ‘ह्याला तीन बहिणी झेपतात, मला दोन बायका झेपल्या नाहीत.’ इतके हसले की ठसका लागला.

तुझी आठवण काढतात. म्हणाले, थोरला आला की शेळी कापू.

तू उगाच काळजी करत बसू नकोस. डोकं शांत ठेव, कुणाशी भांडू नकोस. अकराच आठवडे राहिलेत.

इतो

*

तुरुंग
९ जून २०२४

इतोहान,

पुरे.

चर्चनं दिलेला टीव्ही ईस्टरलाच भिंतीवर चढलाय. बावीस, तेवीस आणि चोवीस एप्रिल, तीन संध्याकाळी. छातीशी भरतकाम असलेल्या निळ्या अंगरख्यात बाबांचा फोटो आला. तुला खोटं बोलतानाही दुसरा अंगरखा सुचला नाही.

तुझं अठ्ठावीस एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. वाटलं, दुःखात आहे, धीर होत नसेल, पुढच्या पत्रात लिहील. म्हणून प्रश्न विचारून तुला वाट करून दिली. आणि तू मला काय पाठवलंस? मेलेल्या बापाचा विनोद. तो मी चार वेळा वाचला. चांगला होता, अगदी त्यांच्यासारखा. म्हणूनच जास्त लागला.

पण तेही मी गिळलं असतं. तुला वाटलं असेल, मी परत कुणाचा तरी जबडा फोडीन. मी काहीही केलं नाही. पहिल्या संध्याकाळी फोटो आला तसा मी उठून उभा राहिलो. बाई वाचायला लागली. बाबांचं नाव, वय एक्याऐंशी. मग मागे राहिलेले. ‘थोरले चिरंजीव नोसाखारे आयबोगुन, कन्या इतोहान’, मग नातवंडं. बस्स. मी थांबलो. वाटलं, बाई चुकली, उद्या नीट वाचेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

माझ्या शेजारी झोपतो त्यानं विचारलं, ‘काय रे, तुझ्याच आडनावाचा म्हातारा, आणि नाक पण तुझंच. कोण तुझा?’ अख्खी खोली बघत होती. काय सांगणार? बाप म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग तुझं नाव का नाही? मी म्हणालो, ‘कोणी नाही. आमच्याकडे या आडनावाचे पुष्कळ आहेत.’

बापाला मी ओळख दाखवली नाही इतोहान. ते तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडून करून घेतलंत. नोसाला घर हवं होतं ते मला कळतं. तुला काय दिलं त्यांनी?

ओमोरुयी

*

बेनिन सिटी
२३ जून २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून मी मशीनवरून उठले ती सरळ न्हाणीघरात जाऊन बसले. मार मला. काहीही बोल. पण हे शेवटचं विचारलंस ते विचारू नको रे.

बाबा नऊ एप्रिलला गेले, पहाटे, झोपेत. मी ओगीची पेज गरम करून नेली तर हात गार होते. खोटं बोलले, ते सगळं कबूल. पायस काका म्हणाले, ‘त्याला आत कळलं तर परत मारामारी करील, सूट जाईल, ऑगस्टचा पुढचा ऑगस्ट होईल. सुटून आला की माणसासारखं समोर बसवून सांगू.’ मला ते पटलं. आईच्या वेळेचं डोळ्यांसमोर होतं. आणि एकदा खोटं लिहिलं की पुढचं आपोआप येतं, ते मालिकेसारखंच आहे. विनोद लिहिताना मलाही क्षणभर वाटलं की ते आत झोपलेत. तुरुंगात नवा टीव्ही आला असेल हे डोक्यातच आलं नाही. दादा, खरं सांगते, हल्ली कुणी सातच्या निधनवार्ता बघतं हेच मी विसरून गेले होते.

तुझ्यासाठी थांबायचं म्हणून मी शवागाराचं बोलले होते. सगळे ठेवतात, चार महिने काय, वर्ष वर्ष ठेवतात. पण बाबांनीच बेकरीतल्या लोकांसमोर सांगून ठेवलं होतं की मला महिनोन्महिने बर्फात ठेवू नका. काकांनी ते साक्षीला धरलं. सत्तावीस एप्रिलला पुरलं, अंगणात, आंब्याखाली. विधी नोसानं केले, पण तुझ्या जागी उभा राहून! काका मला म्हणाले, ‘थोरला नाही तर कुणीतरी उभं राहायला हवं.’ तू आलास की तुझे तू करशील, असंच मी धरून चालले.

आणि नावाचं तू म्हणतोस ते शक्य नाही. निधनवार्तेचा मजकूर मी लिहिलाय, माझ्या हातानं, वहीच्या पानावर. पहिलं नाव तुझं. ‘थोरले चिरंजीव ओमोरुयी’. दुसरं नोसाचं, तिसरं माझं. तो कागद मी काकांच्या हातात दिला. तू धक्क्यात होतास, तिथे गोंगाट असतो, तू नीट ऐकलं नसशील. देवाशपथ तुझं नाव पहिलं होतं.

इतो

*

तुरुंग
७ जुलै २०२४

इतोहान,

इथे सातला गोंगाट नसतो. त्रेचाळीस माणसं असतात आणि माशी बसली तरी ऐकू येते. मी तीनदा ऐकलं. तू किती वेळा ऐकलंस?

सगळ्या शहरानं ऐकलं. तीन संध्याकाळी कशासाठी वाचतात ते तुला मी सांगायला हवं का? कुणाची तक्रार असेल तर त्यानं माती पडायच्या आत घराण्याच्या वडिलांपुढे येऊन बोलावं, म्हणून. मी गजांआड होतो. तू रस्त्याच्या या बाजूला होतीस आणि घराण्याचे वडील त्या बाजूला.

वाहिनीच्या कचेरीत जा. कागद बघ. मग मला लिही. देवाला मध्ये आणू नको.

ओमोरुयी

*

बेनिन सिटी
२८ जुलै २०२४

दादा,

जाऊन आले.

वाहिनीच्या कचेरीत निधनवार्ता घेणारी एक वयस्कर बाई आहे, भली आहे. मी म्हटलं, ‘बावीस एप्रिलचं मला परत बघायचंय.’ ती म्हणाली, ‘ते लागलं आणि गेलं, ताई. ते काही आम्ही साठवून ठेवत नाही.’ मी म्हटलं, ‘हल्ली तर सगळंच परत बघता येतं.’ तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान मुलीसारखं काही बोलले. मग म्हणाली, ‘मजकुराचा कागद मात्र असतो. पुढे कोर्टकचेऱ्या होतात ना.’ फाईल शोधून आणली.

माझ्या वहीचं पान त्यात नव्हतं. टाईप केलेला कागद होता. थोरले चिरंजीव नोसाखारे. कन्या इतोहान. तुझं नाव कुठेच नाही. मी तिथेच आरडाओरडा सुरू केला, पायस काकांना चोर म्हटलं, नोसाला लांडगा म्हटलं.  त्या बाईनं फक्त कागदाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. ‘वाचले व मान्य आहे’ असं छापलेलं आणि त्याखाली सही.

सही माझी आहे, दादा.

काकांनी खोटी केली असं मला तुला लिहिता आलं असतं. घरी येताना बसमध्ये तेच जुळवत होते. पण सही कधी केली ते मला आठवलं, आणि आता ते विसरता येत नाहीये. वीस एप्रिलची संध्याकाळ होती. बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. दिवसभर माणसं येत-जात होती. ती गेली की मी टीव्ही लावायची आणि बघत बसायची, एकामागून एक, भाग संपला की पुढचा, कारण थांबवलं की घरात शांतता व्हायची आणि बाबांच्या खोलीचं दार दिसायचं. काका आले. म्हणाले, ‘मजकूर नीट टाईप करून घेतलाय, तू एकदा वाचून सही कर.’ चष्मा मशीनवर होता. मी म्हटलं, ‘तुम्ही बघितलंय ना?’ ते म्हणाले, ‘बघितलंय.’ मी मांडीवरच कागद धरून सही केली. डोळे पडद्यावर होते. थांबवता आलं असतं. थांबवता यावं म्हणूनच तर मी ते घेतलं होतं. थांबवलं नाही.

बावीसपासून तीन संध्याकाळी समोरच्या बेकरीत सगळ्यांनी बघितलं. माझ्या घरात बघायची सोय नव्हती, आणि असती तरी मी बघितलं असतं का, कुणास ठाऊक. आता एकेक आठवतंय. पुरायच्या दिवशी बेकरीवाली माझा हात धरून म्हणाली, ‘तुझं काळीज मोठं हं, बाई.’ मला वाटलं सांत्वन करतेय. थोरल्या आत्यानं तर माझ्याकडे पाठच फिरवली, मला वाटलं तिला रडू येतंय. कुणीच विचारलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं की मी बघितलंय, मला माहीत आहे आणि मी गप्प आहे म्हणजे मला मान्य आहे.

कचेरीतून सरळ पायस काकांकडे गेले. चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर म्हटलं, ‘तुम्ही मला फसवलंत.’ आवाज न चढवता म्हणाले, ‘पोरी, मी तुला वाच म्हटलं होतं. तीन संध्याकाळी अख्ख्या शहराला ऐकवलं. तुझ्या घरासमोर ऐकवलं. तू आली असतीस तर मी मजकूर बदलला असता, बदलावाच लागला असता. आता माती पडली, सातवा दिवस झाला, घर नोसाच्या नावानं बोललं गेलं. गजांआडच्या माणसाचं नाव वाचून घराण्याची शोभा करायची नव्हती मला, हे मी लपवत नाही. पण सही तुझी आहे.’ ती चार माणसं माना हलवत होती. 

नोसा बाबांच्या खोलीत राहायला आलाय. मला म्हणाला, ‘तू राहा ताई, तुला कोण काढतंय.’ आपल्या घरात आता मी त्याच्या मेहेरबानीवर राहते. बाबा अंगणात आहेत, म्हणजे तुला त्यांच्याजवळ जायचं तर त्याचं दार वाजवावं लागेल. ते मी केलंय. त्यांनी मला काही दिलं नाही रे. फुकटात केलं.

तू सांगशील ते करीन. कोर्टात जायचं तर मशीन विकीन. बारा तारखेला सकाळपासून फाटकाशी उभी राहीन. ओरड, मार, पण माझ्याबरोबर ये. नव्या बाजारापाशी दोन खोल्या बघितल्यात.

इतो

*

तुरुंग
४ ऑगस्ट २०२४

इतोहान,

पत्र मिळालं. त्यातल्या एकाही शब्दावर माझा संशय नाही, हे आधी सांगतो. काकांनी खोटी सही केली असं लिहिलं असतंस तरी मी मानलं असतं, आणि बारा तारखेला तुझ्यामागून मुकाट चालत आलो असतो. ते तू केलं नाहीस. बाबांना तुझा अभिमान वाटला असता. मलाही थोडा वाटला.

कोर्टात जाऊ नको. मशीन विकू नको. सही तुझी आहे, दोन तारखांत संपेल.

आता एक गोष्ट सांगतो. घरात ती मी फक्त बाबांना सांगितली होती. तुम्हा सगळ्यांना एवढंच माहीत आहे की गोदामातलं डिझेल गेलं आणि मी आत गेलो. चोरी मी केली नव्हती. टँकरच्या अकरा पावत्या साहेबानं पुढे ठेवल्या, शुक्रवारची दुपार होती, सगळ्यांना घरी जायची घाई होती, मी उभ्या उभ्या अकरा सह्या ठोकल्या. अकरापैकी सात टँकर गोदामात आलेच नव्हते. साहेब देश सोडून गेला. कोर्टात मी हेच सांगितलं, न वाचता सही केली. न्यायाधीश बाई होत्या, तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे.’ आणि सहा वर्षं दिली.

इतकी वर्षं मी त्या बाईंना शिव्या दिल्यात. खोटारडा म्हणून शिक्षा दिली असती तर सोसलं असतं, पण विश्वास ठेवून शिक्षा देते म्हणजे हिला काळीज आहे की नाही, असं रोज म्हणायचो. तुझं पत्र वाचलं त्या रात्री पहिल्यांदा मी त्यांना शिवी दिली नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे इतो. आणि तरी मला तुझं तोंड बघायचं नाहीये. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

बारा तारखेला फाटकाशी येऊ नको. आलीस तर मी दुसऱ्या बाजूनं जाईन, आणि तुला उन्हात उभं ठेवल्याचं पाप माझ्या डोक्यावर येईल. इथून सुटलेला एक जण सापेले गावात लाकडाच्या वखारीत आहे, त्याच्याकडे जातोय. तिथे मला कुणी थोरला म्हणणार नाही आणि धाकटाही म्हणणार नाही. बाबांच्या जागेपाशी मी जाणार नाही. बापाला भेटायला नोसाची परवानगी मागण्याइतका मी अजून मेलेलो नाही.

पत्ता पाठवत नाही. किती वर्षं लागतील ते ठरवलेलं नाही. मनातून निघालं की मी लिहीन, नाही निघालं तर लिहिणार नाही. तोवर तू मला शिव्या द्यायला मोकळी आहेस, मी त्या बाईंना देत होतो तशा.

ओमोरुयी